चित्रकारांनी वसवलेले गाव : चोळमंडल

“चित्रं काढून कोणाचं पोट भरलंय?”

आपल्या मध्यमवर्गीय घरांत हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. बारावीतल्या माझ्या भाचीने ‘मला जे. जे.लाच जायचंय’ असे जाहीर केले, तेव्हा भावोजींनीही तोच विचारला. भावोजी बँकेत आहेत. आधी हिशेब, मग बाकी सगळे, असा त्यांचा स्वभाव. डिसेंबरअखेर आम्ही सगळे चेन्नई-महाबलीपुरमच्या सहलीला निघालो, तेव्हा हा वादही सामानाबरोबर आमच्या गाडीत होताच.

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवर, शहराच्या मध्यापासून सुमारे २० किलोमीटरवर इंजंबाक्कम लागते. तिथे रस्त्यालगतच चोळमंडल हे कलाग्राम आहे. “अर्धा तास थांबू या,” असे म्हणून मी गाडी थांबवायला लावली. खरे तर त्यामागे माझा छोटासा कट होता!

फाटकातून आत शिरताच रस्त्यावरचा गोंगाट मागे राहतो. झाडांच्या सावलीत दगडाची आणि धातूची शिल्पे उभी आहेत. पुढे चित्रकारांची साधी घरे, आणि पलीकडे बंगालचा उपसागर. याच किनाऱ्याचे जुने नाव चोळमंडलम. त्यावरूनच इंग्रजांचे ‘कोरोमंडल’ झाले.

मेणाने दिलेली जमीन

या गावाची गोष्ट १९६० च्या दशकातली. मद्रासचे सरकारी कला महाविद्यालय फार जुने. त्याची सुरुवात १८५० सालची, म्हणजे आपल्या जे. जे.च्याही सात वर्षे आधीची. के. सी. एस. पणिक्कर हे नामवंत चित्रकार तेव्हा तिथे प्राचार्य होते. गुणी मुले शिकून बाहेर पडत, पण मद्रासमध्ये चित्रे विकत घेणारे किती असणार? पोटासाठी मिळेल ती नोकरी धरायची आणि हळूहळू कुंचला बाजूला पडायचा, हे पणिक्कर पाहत होते.

त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी यावर व्यवहारी तोडगा काढला. चित्र विकले जाईल याची वाट पाहत बसायचे नाही. लोक हौसेने विकत घेतील अशा वस्तू आपल्याच हातांनी करायच्या. त्यात मुख्य होते बाटिक. कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढायची, मग ते कापड रंगात बुडवायचे. मेण असते तिथे रंग चढत नाही. शेवटी गरम पाण्याने मेण काढून टाकले की नक्षी उमटते आणि मेणाला गेलेल्या तड्यांच्या बारीक रेषाही कापडावर दिसतात. अशा वस्तूंच्या विक्रीतून पैसे जमवून या मंडळींनी शहराबाहेरची ही पडीक, वाळूची जमीन घेतली आणि १९६६ मध्ये गाव वसवले. काही वेळ हस्तकलेचा, उरलेला वेळ स्वतःच्या चित्राचा, अशी त्यांची विभागणी असे.

हे ऐकताना भावोजींचे कान टवकारले. “म्हणजे जागा स्वतःची. भाड्याची कटकट नाही,” ते म्हणाले. पाटी वाचायला ते प्रथमच पुढे सरकले.

पत्रिकेतले चित्र

इथल्या संग्रहालयात मद्रासच्या या पिढीचे काम एकत्र पाहायला मिळते. ते २००९ मध्ये सुरू झाले. पणिक्करांच्या ‘शब्द आणि चिन्हे’ या मालिकेतल्या चित्रापुढे भाची थबकली. चौकटी, आकडे, मल्याळम वळणाची न वाचता येणारी अक्षरे, मध्येच एखादा पक्षी किंवा मासा.

“मावशी, ही तर जन्मपत्रिका!”

तिचे चुकले नव्हते. आपल्याकडे पत्रिका कपाटात, कापडात गुंडाळून ठेवलेली असते. या चित्रकाराला तिच्यातच चित्र दिसले. प्रेरणा शोधायला हिमालयातच जायला हवे असे नाही, हे त्या पोरीला माझ्या दहा व्याख्यानांनीही इतके पटले नसते. पणिक्करांचे चिरंजीव, शिल्पकार एस. नंदगोपाल यांनीही पुराणांतल्या परिचित आकृतींनाच तांबे-पितळेत नवे रूप दिले. २०१७ मध्ये ते वारले.

मात्र इथे सगळे गोडच आहे, असे मी सांगणार नाही. सगळेच इथे टिकले नाहीत. व्ही. विश्वनाथन पॅरिसला गेले, एस. जी. वासुदेव बंगळूरला. पणिक्कर १९७७ मध्ये गेले. आता आजूबाजूला शहर पसरले आहे आणि ज्या वाळूला कोणी विचारत नव्हते, तिला सोन्याचा भाव आला आहे. आजच्या तरुण चित्रकाराला इथे अशी जमीन घेणे जमणार नाही. पण एकेकट्याने झुरत बसण्यापेक्षा दहाजणांनी मिळून मार्ग काढावा आणि हातच्या कामाला कमी लेखू नये, हे मात्र आजही जमण्यासारखे आहे.

अर्ध्या तासाचे दोन तास कधी झाले ते कळले नाही. गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग पुढच्या सीटवरून भावोजींनी मागे न पाहताच विचारले, “ते मेणाचं काम तुला येतं का गं?”

“नाही, बाबा.”

“मग ते आधी शीक. चित्रांचं पुढे बघू.”

ताईने माझ्याकडे पाहिले. हा होकार होता की नाही, हे आम्हाला अजून नीटसे ठाऊक नाही. पण घरी परतल्यावर स्वयंपाकघरातल्या मेणबत्त्या गायब होऊ लागल्या आहेत, एवढे खरे.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळा सांभाळा. चेन्नईला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत असतो. त्यानंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. थोडे पुढे मुट्टुकाडूला ‘दक्षिणचित्र’ हे दक्षिणेतल्या जुन्या घरांचे आणि हस्तकलांचे संग्रहालय आहे. दोन्ही मिळून एक दिवस सहज जातो. आणि घरात चित्रे काढणारे कोणी असेल, तर त्याच्या वडिलांनाही बरोबर न्या!