माळ्यावरची आगगाडी

दिवाळीत बाबा पुण्याला आले तेव्हा त्यांना कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय दाखवलं. १९९८ पासून आहे, पण मीही पहिल्यांदाच गेलो! बाहेर पडताना बाबा म्हणाले, "आपल्या माळ्यावर बी एक गाडी आहे ना बे."

तर गेल्या शनिवारी अकोल्याला जाऊन ती खाली काढली. ट्राय-अँग हॉर्नबी. या नावाने १९६५ ते १९७१ एवढीच वर्षं सेट निघाले. बाबांच्या आतोबांनी इंग्लंडहून आणलेला. बाबांचं लहानपण मूर्तिजापूरचं. बाहेर खरी शकुंतला, घरात ही. शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये गेलं, आता गाडीही बंद आहे.

सेटसोबत एक जड लोखंडी डबा: ट्रान्सफॉर्मर. मी (बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स, अमरावती!) प्लग लावणार तोच बाबा ओरडले, "काहून बे, डायरेक्ट लावतं? सिरीज बल्ब कोण लावन?"

बाबा तीस वर्षं वायरमन होते. फेजमध्ये १०० वॉटचा साधा बल्ब टाकायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि डबा वाचतो. आमचा क्षणभर लाल होऊन विझला. पास. (तुमचा सेट अमेरिकेतून आलाय? मग आधी पाटी वाचा. ११० व्होल्टचा डबा आपल्या २३० वर लावला की संपला.)

बारा व्होल्ट डीसी हवे होते, पण इंजिन रुळावर ठेवलं की मीटर सहावर. गुन्हेगार सेलेनियमचा रेक्टिफायर. तो म्हातारा झाला की करंट अडवतो, आणि जळला तर सडक्या मुळ्यासारखा वास येतो. तो धूर विषारी असतो. त्या जागी सिलिकॉनचा ब्रिज लावला आणि गाडी सुटली! बाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते. भाचीला, चिऊला, मात्र हात लावू देईनात. "मेगर येऊ दे."

संध्याकाळी त्यांच्या मित्राकडून मेगर आला. प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये ५०० व्होल्ट देऊन पाहिलं, तर काटा जवळजवळ शून्यावर. आतलं इन्सुलेशन गेलेलं. म्हणजे गाडी मस्त पळत असताना कधीही रुळांवर २३० व्होल्ट येऊ शकले असते, आणि रुळ हे मुलांनी हात लावायचेच असतात. सिरीज बल्बला यातलं काही कळत नाही. 'चालतंय ना, मग ठीक आहे' हे वाक्य मी ऑफिसात आठवड्यातून चारदा म्हणतो...

म्हटलं, रिवाइंड करून घेऊ. बाबा थोडा वेळ गप्प. मग पक्कड घेतली आणि प्लग कापून टाकला. "उद्या कोणी नकळत लावन."

रविवारी ट्रान्सफॉर्मर काढला आणि बारा व्होल्टचा नवा ॲडॉप्टर जुन्या रिओस्टॅटला जोडला. डबा तोच, फिरवायचा खटकाही तोच.

चिऊ म्हणाली, "आबा, अजून जोरात!"

"शकुंतला काय जोरात पळे?" बाबा म्हणाले, आणि खटका थोडा मागेच घेतला.