मेळावा राहू द्या, लेणी पाहू या

आष्टीच्या आम्हा चार घरांना छत्रपती संभाजीनगरात एका साखळी योजनेच्या मेळाव्याचे आवतण होते. आधी पैसे भरायचे, मग भाऊ-मेहुणे जोडायचे! पैशांच्या अशा साखळ्यांवर १९७८ पासून कायद्याने बंदी आहे. सोयऱ्यालाच गिऱ्हाईक करणे आम्हाला पटले नाही.

परतूरहून रेल्वे मात्र धरली. नागसेनवनात बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेले महाविद्यालय लेकरांना दाखवले. विद्यापीठाच्या गेटपाशी १९९४ चा नामविस्तार आठवून आजीचे डोळे भरले.

मग औरंगाबाद लेणी. तिसऱ्या लेण्यात बुद्धांपुढे गुडघे टेकलेले दगडी बाया-पुरुष, अगदी जिवंत! पोरेही त्यांच्याशेजारी गुडघे टेकून बसली. पायथ्याशी भाकरी-ठेचा सोडला. वाचकहो, चढ आहे. पाणी सोबत न्यावे. सिद्धार्थ उद्यान तेवढे राहिले, गाडीची वेळ झाली होती.