गच्चीची राखण

पुष्य बहुल पंचमीची त्यागराज आराधना आटोपते, कावेरीकाठचे मांडव उतरतात, गाणारे आपापल्या गावी परततात आणि तिरुवैयारु पुन्हा आपल्या मूळ आकाराचे होते. त्यानंतरच्या एखाद्या सकाळी, ऊन तापण्यापूर्वी, तेथील एका जुन्या घरातले वृद्ध गृहस्थ खराटा, सागवानी काठी आणि पाण्याची बादली घेऊन गच्चीवर जातात. हा क्रम त्यांच्या वडिलांपासूनचा. आधी कडुनिंबाचा पाचोळा आणि कबुतरांची घाण निघते. मग पन्हळींच्या तोंडाशी बसलेली काळी माती हाताने उकरावी लागते, कारण खराट्याला ती दाद देत नाही. कठड्याच्या फटीत एखादा पिंपळ उगवलेला असतोच. तो नुसता उपटून भागत नाही, हे ते लहानपणी एकदा थप्पड खाऊन शिकले होते. वरची पाने हाती येतात, मूळ आत राहते आणि पुढच्या वर्षी दुप्पट जाड होऊन भिंत उकलते. फट रुंद करून, मूळ संपूर्ण काढून, मगच तेथे चुना भरायचा.

झाडलोट झाली की काठीचे काम. पायाखालची मातीची चपटी फरशी ते एकेक करून ठोकतात. खणखणीत आवाज आला की पुढे. आवाज बसका, भद्द आला की तेथे खडूची खूण. फरशी आपल्या बैठकीपासून सुटली आहे आणि तिच्याखाली पाण्याने घर केले आहे, असा त्याचा अर्थ. संगीताच्या या गावात राहून त्यांना गाणे फारसे कधी कळले नाही. परंतु हे दोन स्वर त्यांना अचूक ओळखू येतात.

शेजारचे लोक त्या घराला रायरांचे घर म्हणतात. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरात राज्य मांडले, तेव्हा आणि त्यानंतर जी मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात उतरली, त्यांपैकीच हे एक. १८५५ साली शेवटचा राजा शिवाजी पुरुष वारसाविना वारला आणि दरबार संपला. पण घरातली मराठी राहिली. ती आता पुण्याच्या माणसाला दोनदा ऐकावी लागते. तमिळमध्ये गच्चीला ‘मोट्टै माडी’ म्हणतात, म्हणजे बोडकी माडी. या घराच्या मराठीतही तोच शब्द रुळला आहे. माडी हा शब्द दोन्ही भाषांचा असल्यामुळे कोणी कोणाकडून घेतला, असा वाद येथे उद्भवत नाही.

या गच्चीची बांधणी मद्रास टेरेस या नावाने ओळखली जाते. सागवानी कड्या हात-दीड हाताच्या अंतराने टाकायच्या. त्यांवर पातळ, लहान विटा कडेवर उभ्या करून तिरक्या रांगांनी चुन्यात बसवायच्या. गवंडी एका कोपऱ्यातून सुरुवात करतो आणि प्रत्येक नवी वीट मागच्या विटेला चुन्याने चिकटवीत पुढे सरकतो. खाली आधाराला फळी नसते. त्यावर विटांचे तुकडे आणि चुना यांचा जाड थर, आणि सर्वांत वर फरशी. विटांच्या थरावर गूळ आणि हिरडा भिजवलेले पाणी शिंपडून स्त्रिया लाकडी थापट्यांनी तो कित्येक दिवस कुटतात. थर पुरेसा घट्ट झाला की थापटे त्यावर रुतत नाही, उसळते.

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे ज्याने माळवदाची घरे पाहिली आहेत, त्याला यातली वृत्ती परकी वाटणार नाही. तेथेही मृगाच्या आधी घरमालक वर चढतो, उंदरांची बिळे बुजवतो, खारी माती टाकून ती चोपतो. साहित्य वेगळे, पाऊस वेगळा. पण छत ही एकदा बांधून विसरायची वस्तू नव्हे, ही समजूत एकच. व्यंकोजीराजांबरोबर तलवारी आणि देव आले, तशी ही समजूतही आली असावी, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तमिळ देशाला ती कोणी शिकवावी अशी गरज नव्हती.

घरावर संकट आले ते दुर्लक्षामुळे नव्हे, अतिकाळजीमुळे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात माजघर गळले आणि वडिलांनी कायमचा बंदोबस्त म्हणून त्या भागावर सिमेंटचा थर चढवला. दोन-तीन वर्षे तो खडखडीत राहिला. पुढे उन्हाने त्याला केसाएवढ्या चिरा गेल्या. चुना पाणी पितो आणि ऊन पडले की ते सोडतोही. या देवघेवीवरच त्याचे आयुष्य असते. सिमेंटच्या कातड्याखाली आत शिरलेल्या पाण्याला परतीची वाट उरली नाही. छताच्या खालच्या अंगाला मिठासारखा पांढरा क्षार फुटू लागला. गेल्या वर्षी गृहस्थांनी शिडी लावून भिंतीत शिरलेल्या एका कडीच्या टोकाला सुरी टोचली, तर पाते दोन बोटे आत गेले.

त्या कडीखाली त्यांच्या विधवा बहिणीचे, अक्कांचे, अंथरूण असते. चेन्नईला असलेल्या धाकट्या भावांनी लगेच निरोप धाडला की, आता हे घर काढून टाकावे. निदान छत पाडून काँक्रीटचा स्लॅब घालावा. त्यांचे म्हणणे अवाजवी नव्हते. अक्कांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “अण्णा, मी काही पाऊस पडायच्या आत मरत नाही. तू ठरव.” आणि त्या रात्रीपासून त्यांनी अंथरूण भिंतीपासून हातभर अलीकडे ओढले.

तंजावरच्या दुकानदाराने काचतंतूंची जाळी आणि डब्यातले पांढरे रसायन सुचवले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या पुतण्याचा फोन आला. तो सुटीत मोटारीमागे जोडायच्या घरात राहून हिंडतो आणि त्या फिरत्या घराचे छत फायबरग्लासचे आहे. त्याने आपली रीत सविस्तर सांगितली. प्रथम छत साबणाने धुवायचे. उन्हाने भुकटी झालेला पृष्ठभाग घासून काढायचा. झरोक्यांच्या कडेचे तडकलेले जुने लुकण खरवडायचे. तडा असेल तेथे जागा खडबडीत करून राळ आणि काचेचे कापड बसवायचे. सर्व कोरडे झाल्यावरच नवे लुकण भरायचे. साधे सिलिकॉन चुकूनही वापरायचे नाही, कारण एकदा ते लागले की पुढे त्यावर दुसरे काही धरत नाही. काका लक्षपूर्वक ऐकत होते. अर्धी रीत त्यांचीच होती: धुणे, वाळवणे, फट शोधणे, जुने निघाल्याशिवाय नवे न लावणे. पण पुतण्याचे छत मुळात पाणी पीत नाही. तेथे शत्रू शिरतो तो भोकांतून आणि सांध्यांतून. तेवढे सांधे बंद केले की काम झाले. येथे सगळे छतच श्वास घेते. त्यावर न श्वसणारे कातडे ओढणे म्हणजे वडिलांची चूक नव्या डब्यातून विकत आणणे, असे त्यांना वाटले. पुतण्याला मात्र त्यांनी एवढेच सांगितले, “तुझी पद्धत तुझ्या गाडीला योग्य आहे, बाळ.”

चुन्याचे काम जाणणारा कोत्तनार मिळवायला पंधरा दिवस गेले. तो सत्तरीचा होता. त्याने प्रथम सुरीने कडी तपासली, पाते किती आत जाते ते पाहिले आणि मग आतल्या बाजूला हातभर अंतरावर हातोडीने ठोकले. आवाज खणखणीत आला. गृहस्थ आणि तो, दोघांनी एकमेकांकडे पाहिले; बोलायची गरज पडली नाही. खाली टेकू देऊन कुजलेले टोक कापले, जुन्या घराच्या मोडीतून आणलेला सागाचा तुकडा तिरकस जोड देऊन पोलादी बोल्टांनी आवळला आणि भिंतीतल्या खोबणीत त्याच्याभोवती थोडी हवा खेळेल एवढी मोकळीक ठेवली. पूर्वी ती नव्हती. ओल्या भिंतीने टोक कोंडले गेले होते.

सिमेंट काढणे हे सर्वांत नाजूक काम ठरले. ते छिन्नीने तासावे लागते, अन्यथा खालचा निरोगी चुनाही त्याच्याबरोबर उखडतो. मग भिजवून मुरवलेला चुना आला, हिरड्याचे आंबलेले पाणी आले. अंगणात दोन दिवस गुळाचा आणि तुरट आंबूस असा मिश्र वास भरून राहिला. थापट्या मारायला पूर्वी दहा-बारा स्त्रिया ओळीने बसत आणि गाण्याच्या ठेक्यावर हात चालत. आता तिघी मिळाल्या. त्यांना गाणे येत नव्हते. एकीने मोबाइलवर चित्रपटगीते लावली आणि ठेका तोच राहिला. गुळामुळे चुना सावकाश आवळतो, म्हणून कुटायला उसंत मिळते. पुढे तो हवेतला कर्बवायू घेत महिनोन्‌महिने कठीण होत जातो. फाल्गुनातच ऊन कडक झाले होते. थर एकाएकी वाळून तडकू नये म्हणून अक्का दिवसातून चार वेळा जिना चढून गोणपाटावर पाणी शिंपडीत. गुडघे दुखत असूनही त्यांनी हे काम दुसऱ्या कोणाला करू दिले नाही.

फरशी बसली, कठड्याच्या पायाशी चुन्याची गोलाई दिली, पन्हळींकडे उतार धरला. बादलीभर पाणी ओतून ते कोठे रेंगाळते हे पाहिले. एका जागी रेंगाळले. तेवढ्या चार फरशा कोत्तनाराने कुरकुरत पुन्हा उचलल्या. बचतीतून किती रक्कम गेली, ते गृहस्थांनी भावांना कळवले नाही.

ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या तोंडावर, ईशान्य मोसमी पाऊस आला. रात्रभर पन्हळी वाजत होत्या. पहाटे दोनच्या सुमारास गृहस्थ विजेरी घेऊन अक्कांच्या खोलीत गेले. अक्का जाग्याच होत्या. त्यांनी स्टूल पुढे सरकवले. कडीच्या नव्या टोकाला, जोडाला, भिंतीच्या खोबणीला त्यांनी हात लावला. कोरडे होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून थेंबाचा आवाज आला. तेथे कधीच काही गळत नव्हते. अक्कांनी अंधारातच पितळी पातेले शोधून खाली ठेवले, आणि दोघे थोडा वेळ तेथेच उभे राहून दोन थेंबांमधले अंतर मोजत राहिले.

सकाळी उघडीप होताच गृहस्थ खराटा घेऊन वर गेले. पन्हळीच्या तोंडाशी कडुनिंबाच्या पानांचा बोळा अडकला होता.