अंधाराची मशागत

शहरात राहून आकाशनिरीक्षणाचा व्यासंग करू इच्छिणाऱ्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, रस्त्यावरचे दिवे त्याला दोन परींनी अडवितात आणि त्या दोहोंचा बंदोबस्त सर्वस्वी निराळ्या रीतीने करावा लागतो. खांबावरचा दिवा थेट डोळ्यांत शिरतो तेव्हा आकाशाचे काही बिघडत नाही, बिघडतो तो पाहणाऱ्याचा डोळा. उलट अवघ्या शहराचे दिवे मिळून हवेतील धूळ, धूर आणि बाष्प यांच्यावर जी पांढुरकी आभा चढवितात तिने आकाशच मळून जाते, आणि मग डोळा कितीही तयारीचा असला तरी मंद तारा त्याच्या हाती लागत नाही. पहिल्या अडचणीवर सुतळी, बांबू आणि काळे कापड एवढ्या सामग्रीत घरच्या घरी इलाज करता येतो. दुसरीपुढे एकट्याचे काही चालत नाही. हा भेद न करता पुष्कळ उत्साही मंडळी पहिल्याच झपाट्यात मोठी दुर्बीण विकत घेतात, ती दिव्याच्या झोतात उभी करून देवयानीतील दीर्घिका धुंडाळू लागतात, आणि चार-दोन रात्रींच्या निराशेनंतर ती दुर्बीण माळ्यावर जाऊन पडते. असे होताना पाहिले की मला खरोखर हळहळ वाटते. कारण त्याच परसात, त्याच दुर्बिणीने, आयुष्यभर पुरेल इतके पाहता येते, अशी माझी अनुभवाने खात्री झालेली आहे.

माझे घर पुण्याच्या दक्षिणेकडील वस्तीत, बैठ्या घरांच्या एका जुन्या सोसायटीत आहे. मागल्या दारी परस, परसात आंब्याचे झाड आणि पाण्याची टाकी, आणि कुंपणापलीकडे गल्लीतला खांब, अशी एकूण मांडणी. उत्तरेला सारे शहर पसरलेले असल्यामुळे त्या अंगाचे आकाश जवळजवळ बाद झाले आहे. पुण्याच्या अक्षांशावर ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश उंच, तो त्या उजेडात कसाबसा तग धरून असतो, आणि ध्रुवमत्स्यातले मधले तारे तर कैक वर्षांत धड दिसलेले नाहीत. दक्षिणेला कात्रजच्या डोंगरांची बाजू असल्याने मात्र अजून थोडी सवड आहे. एप्रिलातल्या मध्यरात्री नरतुरंगातील ओमेगा हा प्रचंड बंदिस्त तारकागुच्छ याच बाजूला, सुमारे चोवीस अंशांवर येऊन ठेपतो, आणि माझ्या सहा इंची परावर्ती दुर्बिणीत त्याची कड किंचित दाणेदार भासू लागते. युरोपातील बहुतेक निरीक्षकांच्या क्षितिजावर जो कधी चढतच नाही, तो आपल्याला परसातून दिसावा हे मला आजही मोठे भाग्य वाटते. शेतकऱ्याला आपल्या रानातली काळी कोठली आणि मुरमाड कोठली हे जसे पायाखालचे असते, तसे निरीक्षकाला आपल्या आकाशातले उपजाऊ आणि पडीक भाग ठाऊक असले पाहिजेत, आणि कोणत्या महिन्यात कोणती वस्तू उपजाऊ भागात येते याचा तक्ता त्याने स्वतःच्या हाताने करावा.

आता डोळ्याची गोष्ट, जिच्यावर मी सर्वांत अधिक भर देतो. अंधुक उजेडात पाहण्याचे काम दृष्टिपटलावरील दंडपेशी करतात. त्यांतील ऱ्होडॉप्सिन नावाचे द्रव्य प्रकाशात विघटित होते आणि ते पूर्ववत साठावयास अर्धा-पाऊण तास लागतो. ही कमाई उघड्या दिव्याकडे क्षणभर नजर गेली तरी वाया जाते. म्हणून परसात दुर्बीण मांडण्यापूर्वी सावली हुडकावी. जमिनीवर पडलेली सावली येथे फसवी असते; जमिनीवर काळोख असून डोळ्यांच्या उंचीवर लख्ख उजेड असू शकतो. पांढरा कागद डोळ्यांसमोर धरून, खांबाकडे पाठ न करता, परसात सावकाश फिरावे. कागद जेथे एकाएकी काळवंडतो ती आपली जागा. माझ्याकडे असा एक अरुंद पट्टा टाकीच्या आडोशाने मिळतो, त्याच्या दोन्ही कडांना मी विटा रोवून ठेवल्या आहेत, आणि उरलेली फट झाकण्यासाठी कपडे वाळत घालण्याच्या तारेवर काळे रंगविलेले मांजरपाट सरकते टांगले आहे. कुंपणाच्या आतल्या भिंतीला पूर्वी चुना होता. तो उजेड परत फेकीत असल्यामुळे तिला आता गेरू दिलेला आहे. दुर्बिणीच्या नळीचे तोंड जाड काळ्या कागदाने हातभर लांबविले, आणि नळीच्या आत, नेत्रिकेच्या नेमक्या समोर, काळी मखमल चिकटविली, तेव्हा आडून येणारा उजेड आरशाच्या वाटेने डोळ्यांत येण्याचे बंद झाले.

या सर्वांहून मोठा उपकार घोंगडीचा. धनगरी, जाड विणीची काळी घोंगडी डोक्यावरून घेऊन नेत्रिकेसह डोके तिच्यात झाकून घेतले की, पाच-सात मिनिटांत दृश्यक्षेत्रातला करडेपणा ओसरू लागतो आणि जेथे रिकामे वाटत होते तेथे बारीक तारे उमटू लागतात. तिची एक कड हनुवटीखाली उघडी ठेवावी, नाहीतर पौष-माघातल्या थंडीत श्वासाची वाफ नेत्रिकेवर बसते आणि सारा खटाटोप फुकट जातो. मंद वस्तूकडे सरळ रोखून पाहू नये. नजर थोडी बाजूला ठेवावी, कारण दंडपेशी दृष्टीच्या मध्यबिंदूत नसतात, त्याच्या भोवती असतात. पहिल्यापहिल्याने ही तिरकी नजर अवघड वाटते, मन पुन्हा पुन्हा वस्तूवरच झेप घेते. पण सराव झाला की मृगातील तेजोमेघाचा पंख्यासारखा पसारा, जो सरळ पाहताना निम्मा लपतो, हळूहळू दोन्ही अंगांनी पसरत जातो, आणि त्या वेळी होणारा आनंद मी अन्य कशाशी बदलून घेणार नाही. नकाशा पाहण्यासाठी विजेरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दुहेरी लावावा. गडद लाल प्रकाशाला दंडपेशी फारशा दाद देत नाहीत.

डोळ्याची व्यवस्था लागल्यावरही आभेचा प्रश्न उरतोच, आणि त्याचे स्वरूप अलीकडे पालटले आहे. रस्त्यांवर सोडियमचे दिवे होते तोवर उपद्रवी उजेड मुख्यतः पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात एकवटलेला असे, आणि तेवढाच पट्टा अडविणारी गाळणी नेत्रिकेला लावली की बराच निभाव लागे. त्यांच्या जागी आलेल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा वर्णपट जवळजवळ सलग असतो आणि ४५० नॅनोमीटरच्या आसपास त्याला निळ्याचा उंचवटा असतो. हवेच्या रेणूंकडून होणारे प्रकाशाचे विकिरण तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे, ५८९ नॅनोमीटरच्या पिवळ्या उजेडापेक्षा हा निळा उजेड जवळजवळ तिप्पट विखुरतो. जुन्या रुंद गाळण्या त्यामुळे निरुपयोगी झाल्या. अजून चालतात त्या अरुंद पट्ट्याच्या गाळण्या, ज्या ऑक्सिजनच्या ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरच्या रेषांपुरतीच वाट मोकळी ठेवतात. त्यांनी तेजोमेघ उठून दिसतो, परंतु दीर्घिकांचा प्रकाश ताऱ्यांचाच, म्हणजे सर्व रंगांचा असल्याने तेथे त्यांचा काही उपाय चालत नाही. दीर्घिकांसाठी शहराबाहेर जावे, हे निःसंकोच सांगितलेले बरे.

मात्र ताऱ्यांसाठी जावयाचे कारण नाही. तारा हा दुर्बिणीत बिंदूच राहतो आणि आकाशाची आभा पसरट असते, त्यामुळे वर्धन वाढविले की पार्श्वभूमी काळवंडत जाते आणि तारा बव्हंशी तसाच राहतो. माझ्या १२०० मिलिमीटर नाभ्यंतराच्या आरशावर २५ मिलिमीटरची नेत्रिका ४८ पट वर्धन देते आणि १० मिलिमीटरची १२० पट. या दुसरीतून शहरी आकाशही बऱ्यापैकी काळे दिसते. हंसाच्या चोचीतला नारिंगी-निळा जोडतारा, पुनर्वसूतला एकमेकांना खेटून असलेला जोडतारा, ययातीतल्या अल्गोलचे दोन दिवस एकवीस तासांच्या आसपास पुन्हा पुन्हा होणारे मंदावणे, ही सर्व परसातली कामे आहेत. अल्गोलला तर दुर्बीणही नको. तो दुसऱ्या प्रतीवरून साडेतिसऱ्या प्रतीपर्यंत उतरतो, आणि शेजारच्या ताऱ्यांशी त्याची तुलना करीत वहीत टिपणे ठेवली की त्याचा आलेख आपल्या हाताने तयार होतो. निरीक्षणाची वेळही विचारपूर्वक निवडावी. दुकानांच्या पाट्या आणि घरांतील दिवे मालवल्यावर, रात्री दोननंतर, आभा स्पष्टपणे उतरते, आणि पाऊस ओसरताना धूळ धुऊन निघालेल्या आकाशाची एखादी पहाट थंडीतल्या धुरकट महिन्याहून अधिक मोलाची असते. भाद्रपदांच्या चार ताऱ्यांच्या चौकोनात नुसत्या डोळ्यांनी किती तारे मोजता येतात याची नोंद मी नियमाने ठेवतो. त्या रात्रीचे आकाश काय योग्यतेचे आहे, हे त्यावरून सहज कळते.

पण जे गमावले त्याचे दुःख या कसबाने पुसले जात नाही. सत्तावीस नक्षत्रांपैकी पुष्याचा योगतारा, म्हणजे नक्षत्राची खूण मानलेला तारा, सुमारे चौथ्या प्रतीचा, रेवतीचा पाचव्या प्रतीहूनही मंद; शहरात वाढलेल्या पिढीला ही नक्षत्रे केवळ पंचांगाच्या रकान्यात भेटतात. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त योगताऱ्यांची जी चर्चा केली, ती आकाश उघडे असलेल्या माणसाची चर्चा होती. राशिचक्राचा आरंभबिंदू चित्रेवरून धरावा की रेवतीवरून, याविषयी महाराष्ट्रातल्या विद्वानांत दीर्घकाळ वाद चालला, आणि टिळक पंचांग रेवतीचाच पक्ष धरून चालत आले. तो रेवतीचा तारा आज पुण्यातल्या कुठल्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना दिसेल? याच पुण्यात, विज्ञान महाविद्यालयाच्या वेधशाळेत, कावसजी दादाभाई नायगमवालांची वीस इंची दुर्बीण होती, तिच्या काळी देशातली सर्वांत मोठी. १९१२ साली ती वेधशाळा बंद होऊन साहित्य कोडाईकनालला गेले. आज आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची दोन मीटरची दुर्बीण शहरापासून सुमारे ऐंशी किलोमीटर दूर गिरवलीला आहे.

रेवतीच्या बाबतीत मात्र एक समाधान मी मिळविले आहे. अश्विनीपासून नैर्ऋत्येकडे शोधकदुर्बिणीतून तारा-तारा उतरत गेले की ती सापडते, आणि मोठ्या वर्धनात पाहिले की तो एक तारा नसून दोन असल्याचे दिसते: एक ठळक, एक किंचित मंद, मध्ये स्वच्छ काळी फट. जे दर्शन प्राचीनांना झाले नव्हते ते गल्लीतल्या दिव्याच्या नाकावर टिच्चून आपल्याला होते. पुष्याच्या मध्यावरचा तारकागुच्छही साध्या द्विनेत्रीतून असा काही खुलतो की, शेजारची मुले आळीपाळीने पाहून पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहतात.

शहराबाहेरची आकाशे मला नकोत असे नव्हे. पेंचच्या व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, त्याआधी २०२२ साली लडाखात हानलेचा परिसर राखीव ठरविण्यात आला, ही दोन्ही कामे मोठ्या दूरदृष्टीची आहेत. तथापि वर्षातून एखादवेळी पाहुणे म्हणून गेल्याने निरीक्षक घडत नाही. तो रोजच्या परसात, रोजच्या आकाशाखाली घडतो. आणि अंधार परत येऊ शकतो, हेही विसरू नये. धुळीचा थर बसल्यावर जसा काढावा लागतो तसा हा उजेड काढावा लागत नाही. दिवा मालवला, की त्याच क्षणी आभा नाहीशी होते. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिस शहरात काळोख पाळला जात असताना, माउंट विल्सनवरील शंभर इंची दुर्बिणीने वाल्टर बाडे यांनी देवयानीतील दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे प्रथमच सुटे करून दाखविले, आणि ताऱ्यांचे दोन समूह असतात हा सिद्धांत त्यातून निघाला. युद्धाची आपत्ती कोणी इच्छू नये. पण दिवे खाली वळविण्याला युद्ध लागत नाही, एक पाना लागतो.

हे मी आमच्या गल्लीच्या अनुभवावरून म्हणतो. खांबावरचा दिवा बसविताना त्याचे तोंड वर कलंडलेले राहिले होते, आणि त्यामुळे निम्मा उजेड रस्त्याऐवजी आमच्या भिंतींवर आणि आकाशात जात होता. दिवा बंद करा अशी मागणी करण्याचा मला अधिकार नाही. रात्रपाळीवरून परतणाऱ्या परिचारिका याच गल्लीतून जातात, आणि त्यांना उजेड हवाच. म्हणून दिवा समतल करावा व घरांच्या बाजूला पत्र्याची आड लावावी, एवढाच मजकूर अर्जात लिहिला, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, आणि तो प्रभाग कचेरीत दाखल केला. वायरमन आला तेव्हा त्याला भीती वाटत होती. “काका, उजेड कमी झाला तर लोकं माझ्या नावानं ओरडतील.” मी म्हटले, “कमी व्हायचा नाही, खाली यायचा. सैल करून तर बघ.” त्याने शिडीवर चढून स्क्रू ढिले केले, दिवा आडवा केला, पत्रा आवळला, आणि खाली उतरून रस्त्याकडे पाहत म्हणाला, “अहो, खड्डे आता जास्त दिसायला लागले.” पलीकडच्या आजींनीही हेच सांगितले, वर त्यांच्या खोलीतला उजेड गेल्यामुळे झोप लागते, हे अधिक.

आता प्रश्न दिव्याच्या रंगाचा आहे. सध्याचा दिवा सुमारे सहा हजार केल्विनचा, निळसर पांढरा आहे. तो निकामी होऊन बदलण्याची वेळ येईल तेव्हा तीन हजार केल्विनचा उबदार रंगाचा दिवा बसविण्याची तजवीज व्हावी, असा दुसरा अर्ज मी दिला आहे, त्यावर आवक क्रमांक पडला आहे, आणि त्याची नक्कल शेजारच्या दोन गल्ल्यांतील मंडळींनी आपापल्या सह्यांसाठी मागून नेली आहे.