खिडक्यांचा कारभारी

आमच्या ह्यांचे अक्षर एकेकाळी असे होते की, गिरणीच्या कचेरीत पत्राची स्वच्छ प्रत करावयाची झाली म्हणजे ती ह्यांच्याच टेबलावर येई. चार वर्षांपूर्वी ते अक्षर लहान होऊ लागले. ओळीच्या आरंभी हरभऱ्याएवढे असलेले अक्षर ओळ संपेपर्यंत मोहरीएवढे होई. मला वाटले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. डॉक्टरांनी मात्र ह्यांना दोन ओळी लिहावयास सांगितल्या, त्या कागदाकडे पाहिले, ह्यांचा उजवा हात मांडीवर कसा थरथरतो आहे तेही पाहिले आणि आजाराचे नाव सांगितले. लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टराने १८१७ साली ज्याचे वर्णन केले आणि आपले जुने वैद्य ज्याला कंपवात म्हणत आले, तो हा आजार.

बिर्लानगरची ती कापडगिरणी १९९०च्या दशकात बंद पडली, तेव्हाही हे इतके खचले नव्हते. त्याला कारण आमच्या घरातील एक रुमाल. ह्यांच्या आजोबांनी कोकणातून शिंदेशाहीत चाकरीला येताना आणलेले आणि नंतर जमवलेले मोडी कागद त्यात बांधलेले आहेत. पत्रे, देण्याघेण्याच्या याद्या, एका विहिरीचा न सुटलेला तंटा! मामंजींनी ह्यांना मोडी शिकवली. ह्यांनी ती मुलांना शिकवण्याचे दरवर्षी मे महिन्यावर ढकलले, आणि मुले मोठी होऊन बाहेरगावी गेली. आज आमच्या घरात मोडी वाचू शकणारे हे एकटेच. ते सगळे देवनागरीत उतरवून ठेवण्याचा ह्यांचा संकल्प जुना; पण आता लेखणी हाती धरवेना. म्हणून मुलाने गेल्या दिवाळीत सर्व कागदांची छायाचित्रे काढली आणि आपला जुना संगणक येथेच ठेवून तो परत गेला. एका खिडकीत मोडी कागद पाहावा आणि दुसरीत देवनागरी टंकावे, अशी योजना.

योजना माउसपाशी अडली. ह्या आजारात हात विसाव्याला असला की अधिक थरथरतो आणि काही करावयास उचलला की थरथर पुष्कळदा कमी होते, असे डॉक्टरांनी आम्हांला समजावून सांगितले होते. त्याचा अर्थ मला त्या संगणकापुढे बसल्यावर कळला. माउस म्हणजे हात नुसता टेकवून ठेवण्याचीच वस्तू! हे खिडकीचा माथा पकडून ती बाजूला सारू पाहत, तो ती निम्म्यावर सुटे. चौकोन लहान करावयाचा तर बोट फुलीवर पडून अख्खी खिडकीच मिटे. एक पान उतरवण्यात दोन तास जात आणि त्यांतला दीड तास खिडक्यांशी झटण्यात. एके दिवशी हे काही न बोलता उठले आणि त्यांनी रुमाल बांधून कपाटात ठेवला. रागावले असते तर मला इतके वाईट वाटले नसते.

हजिऱ्याच्या बाजूच्या एका दुकानदाराने संगणक पाहून, ‘हा भंगारात द्या, नवा घ्या’ असा सल्ला दिला. नव्यालाही माउस असणारच, हे त्याच्या ध्यानी आले नाही. शेवटी मी पुण्याला भाच्याला दूरध्वनी केला. तो म्हणाला, “मामी, संगणक बदलू नका. खिडक्यांचा कारभारी बदला.”

मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. न समजलेली गोष्ट समजल्यासारखे दाखवणे मला जमत नाही. त्याला मी ते चार वेळा सांगावयास लावले, आणि जे कळले ते असे. आमच्या संगणकावर डेबियन नावाची लिनक्स प्रणाली आहे. तिचा वंश १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सच्या विचारांचा. ह्या घराण्यात पडद्यावर चित्र काढणारा आणि कळफलक-माउसचे निरोप पोहोचवणारा कार्यक्रम निराळा असतो. त्याचे नाव ‘एक्स’, जन्म १९८४, अमेरिकेतील एम्‌. आय्‌. टी. ह्या संस्थेत. पण खिडकी कोठे उघडावी, तिला चौकट कशी असावी, कोणती वर आणि कोणती खाली, ह्यांपैकी एकाही गोष्टीचा निर्णय एक्स घेत नाही. त्याच्या कर्त्यांनी ते मुद्दामच दुसऱ्यावर सोपवले. तो दुसरा म्हणजे विंडो मॅनेजर. कारभारीच नसेल तर खिडक्या उघडतात, पण डाव्या वरच्या कोपऱ्यात एकीवर एक पडून राहतात. त्यांना हलवता येत नाही की मिटता येत नाही. १९८७ साली टॉम लास्ट्रेंज नावाच्या गृहस्थाने केलेला ‘टी-डब्ल्यू-एम’ हा आरंभीच्या कारभाऱ्यांपैकी एक. त्यानंतर ज्याला जो रुचला तसा त्याने केला आणि लोकांना वाटून टाकला.

मला ह्याचे नवल वाटले. इतकी वर्षे मी समजत होते की, खिडकीची ती फुली आणि ती निळी पट्टी हा संगणकाचा देहच आहे. तो नुसता पोशाख निघाला!

बसवणे म्हणाल तर कुकरची शिटी बदलण्यापेक्षा अवघड नाही. भाच्याने सांगितलेली एक ओळ मी काळ्या खिडकीत टंकली, परवलीचा शब्द दिला, आणि चार-पाच मिनिटांत काम झाले. जुना कारभारी काढावा लागत नाही. सगळे एकाच घरात नांदतात. परवलीचा शब्द विचारणाऱ्या पानाच्या कोपऱ्यात एक लहानशी यादी असते, तिच्यातून आज कोणाला कामावर बोलवायचे ते निवडायचे. नाही पटला तर बाहेर पडून दुसरा. सुनांना हे सांगू नये.

पहिल्याने आम्ही ‘आइस’ बोलावला. तो हलका, चटपटीत, आणि चेहऱ्याने जुन्या विंडोजसारखा. पण त्यालाही माउसच प्रिय. मग ‘विंडो मेकर’. हा १९९७ सालचा, आल्फ्रेडो कोजिमा ह्या ब्राझीलच्या तरुणाने नेक्स्ट नावाच्या देखण्या संगणकाच्या धर्तीवर केलेला. मला तो फार आवडला, आणि ह्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. तिसरा ‘आय-थ्री’. मायकेल स्टापेलबर्ग ह्या जर्मन तरुणाने २००९ साली तो प्रथम बाहेर आणला.

त्याने प्रथमदर्शनीच मला रडवले. आत शिरताच त्याने दोन प्रश्न विचारले, मी घाईने ते वाचलेही नाहीत, आणि पुढे पाहते तो सगळा पडदा काळा! खाली एक पट्टी, तीत घड्याळ. ना चित्र, ना बटण. माउस कितीही फिरवा, धरण्यासारखे काहीच नाही. संगणक बिघडवला अशा समजुतीने मी त्यावर टॉवेल टाकून स्वयंपाकघरात गेले. रात्री भाचा हसून म्हणाला, “मामी, तो बिघडलेला नाही, तुमच्या हुकमाची वाट पाहतोय.” विंडोजच्या चिन्हाची कळ दाबून धरून एंटर मारले, आणि एक खिडकी अख्खा पडदा व्यापून उघडली. पुन्हा तेच केले. पहिली आपोआप सरकून निम्मी झाली आणि शेजारी दुसरी बसली, शेतीच्या वाटण्या व्हाव्यात तशी. कोणी कोणावर चढले नाही. काही ओढावे लागले नाही. डावीकडे मोडी, उजवीकडे देवनागरी, हे मला तेथेच दिसले.

पुढचे पंधरा दिवस मात्र सोपे गेले नाहीत. जुन्या व्यवस्थेत जी कामे मुकाट्याने होत होती, ती आता कोणीच करीना. मराठी कळफलक नाहीसा झाला. तो बदलून देणारा नोकर जुन्या कारभाऱ्याच्या गोतावळ्यातला होता. त्याच्यासाठी सूचनांच्या वहीत निराळी ओळ लिहावी लागली. ही वही म्हणजे साधा मजकूर. आपल्याला हवे ते त्यात लिहावे. चूक झाली तर आय-थ्री वर तांबडी पट्टी दाखवतो. माझ्या वह्यांवर मी मुलांना जेवढ्या तांबड्या रेघा मारल्या, तेवढ्या सगळ्या मला परत मिळाल्या.

एक खोड तर दोन दिवस उलगडली नाही. हे टंकत असत ती अक्षरे मध्येच नाहीशी होत. पाहिले तर, माउसचा बाण ज्या खिडकीवर असेल तिच्याकडे हा कारभारी कळफलकाचे लक्ष वळवतो. ह्यांचा हात मेजाला लागे, मेज हाले, बाण शेजारच्या खिडकीत जाई. वहीत त्याला मनाई करणारी एक ओळ घातली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी माउसची तारच काढून माझ्या हातात दिली.

बाकीची व्यवस्था एक्सच्या कळफलकात पूर्वीपासूनच होती, आम्हांला ती ठाऊक नव्हती. दोन कळा एकदम दाबणे ह्यांना कठीण. आपल्या इनस्क्रिप्टमध्ये क साधा, पण ख साठी शिफ्ट लागते. आता शिफ्ट दाबून सोडायची, मग सावकाश पुढची कळ. ती तिची वाट पाहते. थरथरीने एकच कळ लागोपाठ दोनदा पडली तर दुसरी मोजली जात नाही. बोट कळेवर रेंगाळले तर ‘ककककक’ अशी माळ होत नाही. आणि वरच्या रांगेतील कळा मी एकेका कामाला बांधून दिल्या: एफ-१ म्हणजे मोडीचे काम, एफ-२ म्हणजे वर्तमानपत्र, एफ-३ ने एका खिडकीतून दुसरीत. एक बोट, एक ठोका. विसाव्याला टेकलेला हात कोठेच लागत नाही. कळांवर मी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. ह्यांनी त्या काढून स्वतः मोडीत लिहिलेल्या लावल्या, त्यामुळे आता हे नसताना मला तो संगणक नीट चालवता येत नाही.

भाच्याने एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली आहे. एक्स आता म्हातारा झाला. २००८ साली सुरू झालेले ‘वेलँड’ त्याची जागा घेत आहे, आणि तेथे चित्र काढणारा व कारभारी एकच असतात. आय-थ्रीचा तेथला भाऊबंद ‘स्वे’ आहे. पण कळफलकाच्या ज्या सवलतींवर आमचे चालले आहे, त्या तेथे जशाच्या तशा मिळतील असे नाही. म्हणून मी ती वही कागदावर छापून रुमालातच बांधून ठेवली आहे आणि संगणकाला नवे काही शिकवावयाचे नाही असे ठरवले आहे. तो जुना आहे, हेही जुने आहेत, आणि रुमालातील एकशे बारा कागदांपैकी एकेचाळीस झाले आहेत. औषधाचा असर सकाळी नऊ ते अकरा चांगला असतो. त्या वेळात वीज गेली तर आमच्या घरी कोणी बोलत नाही.

परवा मी भाजी निवडीत होते, तो आतून हाक आली, “अगं, जरा इकडे ये. मोडीत ऱ्हस्वदीर्घ कोठे असते? हा ‘दिन’ की ‘दीन’?” मी हात पुसून गेले. डावीकडे आजोबांचे वळणदार मोडी, उजवीकडे ह्यांची अर्धी ओळ, मध्ये एक बारीक रेघ. मागचेपुढचे दोन शब्द ह्यांनी वाचून दाखवले. विहिरीच्या तंट्याचेच पत्र होते. मी ‘दीन’ म्हटले, ह्यांना ‘दिन’च बरोबर वाटत होते, आणि अकरा वाजेपर्यंत आम्ही त्यावर भांडलो.