धरण उशाला, बोअर अंगणात

आज येलदरी धरणाची टक्केवारी नाही. आज घरच्या बोअरबद्दल लिहितोय.

माझा एक वर्गमित्र अमेरिकेत, आयोवा राज्यात असतो. त्यानं घर घेतलं तेव्हा आधी तळघरात डबी ठेवून हवा तपासून घेतली. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडॉन नावाचा वायू तयार होतो. रंग नाही, वास नाही. पण तिकडं सिगारेटनंतर फुप्फुसाच्या कॅन्सरचं दोन नंबरचं कारण तोच. लिटरभर हवेत ४ पिकोक्युरी किंवा जास्त निघाला की पाईप-पंखा बसवून छपरावर सोडतात. मी हसलो होतो. म्हटलं, आपल्याकडं काळा खडक, त्यात युरेनियम कमीच. तुमचं तुम्हाला लखलाभ.

या उन्हाळ्यात बहीण बाळंतपणाला आली. दूध पुरेना, म्हणून पावडरचं सुरू झालं. आई बोअरचं पाणी चांगलं खळखळ उकळून घ्यायची. आम्ही सगळे निर्धास्त. मी एका बातमीसाठी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत चाललो होतो, सहज घरच्या पाण्याची बाटली सोबत नेली. रिपोर्ट आला. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आमचा आकडा त्याच्या बराच वर.

वीस वर्षं पाणीटंचाईच्या बातम्या लिहिणारा माणूस मी, आणि घरातलं पाणी एकदाही तपासलं नव्हतं.

नायट्रेट येतं युरियातून, उकिरड्यातून, संडासच्या शोषखड्ड्यातून. आमच्या बोअरपासून शोषखड्डा किती लांब, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पावलं टाकून मोजलं. आकडा इथं सांगत नाही, लाज वाटते. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. मोठ्यांना लगेच काही जाणवत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, अंग निळं पडू शकतं. आमची चिमुरडी ठीक आहे. दुसऱ्या दिवसापासून तिचं पाणी बदललं.

आईला हे पटवायला दोन दिवस लागले. "तुमच्या आज्ज्यापासून हेच पाणी पितोत, काय झालं कुणाला?" आजोबांच्या वेळी आड होता, बोअर नव्हता, हे सांगून पाहिलं.

गावच्या सार्वजनिक पाण्याचे नमुने जलसुरक्षक नेतो. तुमच्या अंगणातला बोअर मात्र तुमचाच, त्याचं कोणी विचारत नाही. फिल्टरवाला टीडीएसचं मीटर बुडवून आकडा दाखवतो, त्यावरून नायट्रेट किंवा फ्लोराईड किती ते कळत नाही. फ्लोराईडही बघाच, १.५ च्या वर गेलं की आधी दात, मग हाडं धरतं. ग्रामपंचायतीत फील्ड टेस्ट किट असतं, तिथं विचारा; नाहीतर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत लिटरभर पाणी द्या. आधी पाच मिनिटं बोअर चालू ठेवा, त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळा. जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी, ती तिथूनच घ्या.

काल शेजारचे काका थम्सअपच्या बाटलीत पाणी घेऊन आले. तळाशी अजून थोडं थम्सअप होतं. परत पाठवलंय, नवी कोरी बाटली घेऊन येतो म्हणालेत.