चौथा रकाना

मानखुर्दला माझं सायकलचं दुकान आहे. पंक्चर, ब्रेक, चेन हा रोजचा धंदा. पण भाऊबीज सरली की वेगळी गिऱ्हाइकं यायला लागतात. "यंदा सायकलने गोव्याला जायचंय. किनाऱ्याकिनाऱ्याने. रूट लावून द्या." मी फुलस्केप कागद आडवा धरून चार रकाने आखतो: पाणी, शेवटची फेरी, चढ, किलोमीटर. समोरच्याची नजर थेट चौथ्या रकान्यावर जाते. माझीही कैक वर्षं तिथेच जायची.

किलोमीटरचा हिशेब सोपा असतो, म्हणून फसवतो. साडेपाचशे-सहाशे किलोमीटर, भागिले शंभर, म्हणजे सहा दिवस. लांब पल्ल्याच्या 'ब्रेव्हे' नावाच्या सायकलफेऱ्या असतात. तिथे 200 किलोमीटरला साडेतेरा तास आणि 600 ला चाळीस तास मिळतात. चहापाणी, पंक्चर, डुलकी सगळं धरून ताशी पंधरा. तेही कसलेल्या लोकांना, बिनसामानाच्या सायकलवर. मी कोकणात सामानासह ताशी दहा धरतो. उरलंच तर समुद्रात डुंबायला वेळ मिळतो, कुणी तक्रार करत नाही.

कोकणाची जमीनच अशी आहे. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या आखूड. समुद्राला मिळताना प्रत्येकीची खाडी होते. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा सडा. रस्ता खाडीकाठी उतरतो, पाणी ओलांडतो, लगेच शंभर-दीडशे मीटर वर चढतो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा उतरतो. नकाशात जो किनारा सरळ दिसतो, तो पायांना करवतीसारखा लागतो. म्हणून इथला टप्पा गावापासून गावापर्यंत धरायचा नाही, पाण्यापासून पाण्यापर्यंत धरायचा.

हे मी ठेच खाऊनच शिकलो. पहिल्या सायकलसफरीत हरिहरेश्वरला जेवण जरा अंगावर आलं, झाडाखाली लवंडलो. पुढे बागमांडल्याला पोहोचलो तर फेरीबोटीचा धक्का रिकामा. पलीकडे वेश्वीचे दिवे लुकलुकत होते, जेमतेम पाव तासाच्या पाण्यावर. रस्त्याने वळसा घालायचा तर आंबेत-म्हाप्रळच्या पुलापर्यंत आत जायचं, तेही अंधारात. जाळं आवरत बसलेले एक काका म्हणाले, "शेवटच्या फेरीचा टाइम इचारून निघायचा ना!" रात्री त्यांच्याच पडवीत झोपलो. सकाळी पहिल्या फेरीची वाट बघत कागदावर पहिल्यांदा 'पाणी' हा रकाना आखला.

त्या रकान्यात पहिली ओळ येते ती आमच्या दारातल्या पाण्याची. ठाणे खाडीवर 1973 मध्ये रस्त्याचा पहिला पूल झाला, 1997 मध्ये दुसरा. हार्बर मार्गाची लोकल 1992 मध्ये वाशीला गेली. त्याआधी ती मानखुर्दलाच संपायची. आता सुमारे 1.8 किलोमीटरचा पूल आपण बोलता बोलता ओलांडतो आणि खाली खाडी आहे हेच विसरतो. सायकलवाल्याने पहाटे पाचला निघावं, ट्रकची गर्दी वाढायच्या आत. पुलाच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या चाकाने काटकोनात घ्याव्यात. तिरकं गेलात तर बारीक टायर फटीत बसतो. थंडी सरत आली की उजाडताना खाली चिखलात रोहित पक्षी दिसतात.

मानखुर्दकराला खरा फायदा पुढे आहे. वाशी, बेलापूर, उरण करत करंजाला जायचं, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. तिथून लाँचने रेवस. पनवेल-पेणचा सगळा वळसा वाचतो. मग ओळीने पाणी लागतं: रेवदंड्याला कुंडलिका, तिथे पूल आहे. आगरदांडा ते दिघी राजपुरीची खाडी, फेरीबोट. बागमांडला ते वेश्वी सावित्री. दाभोळ ते धोपावे वाशिष्ठी. तवसाळ ते जयगड शास्त्री. पुढे भाट्ये, पूर्णगड, जैतापूर अशा खाड्यांवर पूल आहेत, आणि गोव्याच्या उंबऱ्यावर तेरेखोल.

फेरीबोटींइतकीच भरती-ओहोटीही बघावी लागते. रेवसच्या बाजूला गाळ साचतो. मोठ्या ओहोटीला लाँच खोळंबते. मोबाइलमध्ये तक्ते मिळतात, पण किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा मला अजून पुरतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. त्या दिवशी दिवेआगर किंवा गुहागरची ओली, घट्ट पुळण दुपारी मोकळी सापडते. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास भरती, म्हणून पुळणीवरून जायचं ते पहाटे. मात्र संध्याकाळी चेन गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल द्यायचं. नाहीतर दुसऱ्या दिवशी ती तांबडी झालेली दिसते.

तिसरा रकाना चढाचा. गिऱ्हाईक आधी सायकलची किंमत विचारतं, मी आधी दात मोजतो. पुढचं लहान चक्र 30 दातांचं आणि मागचं मोठं 34 चं असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक पूर्ण फिरतसुद्धा नाही. धोपाव्याचा चढ त्याच गिअरवर निघतो. टायर 32 ते 40 मिलिमीटर. दोन ट्यूब, ठिगळं, सोल्यूशन, पंप, दोन-चार स्पोक, चेनची जोडकडी. सामान पाठीवर घ्यायचं नाही, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचं लावायचं. आणि निघण्याच्या पंधरा दिवस आधी एका रविवारी तेच सामान लादून बेलापूरची पारसिक टेकडी चढायची. टेकडी चढून घरी आल्यावर बॅगेतून जे बाहेर निघतं, ते मला सांगावं लागत नाही. जीन्स सगळ्यांत आधी निघते.

दिशा मात्र नशिबाने बरोबर असते. थंडीत दुपारनंतर किनाऱ्यावर वारा बहुधा वायव्येकडून येतो. दक्षिणेला जाणाऱ्याला तो मागून ढकलतो. परत येताना तोच छातीवर घ्यावा लागतो, म्हणून परतीला रेल्वे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा शेवटचं पाणी चारच्या आत ओलांडलेलं बरं.

रेवस ते रेडी सागरी महामार्गावर फेऱ्यांच्या जागी पूल व्हायचे आहेत, काहींचं काम चालूही आहे. पलीकडच्या गावातल्या माणसाला रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा असतो, त्यामुळे पूल हवेतच. तेव्हा माझ्या कागदावरची प्रत्येक ओळ पहिल्या ओळीसारखी होईल: पूल, चोवीस तास.

तोवर दुसरा रकाना मी पेन्सिलीने भरतो. फेरीच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. आदल्या मुक्कामी विचारून त्या पेनाने गिरवायच्या, एवढं एकच काम मी गिऱ्हाइकाला लावतो. जानेवारीत लोक ब्रेक आवळून घ्यायला येतात, तेव्हा मी आधी कागद मागतो. घामाने, पाण्याने मऊ पडलेला, चार घड्यांवर फाटत आलेला. त्यावरच्या पेनाच्या वेळा बघून मी पुढच्याचा कागद आखतो.